घरमालकीणबाईंचे मराठी

बारा वर्षांपूर्वी चेन्नईत पश्चिम मांबलममधले एक घर पाहायला गेलो, तेव्हा दलालाने मोडक्यातोडक्या हिंदीत एवढेच सांगितले होते की मालकीणबाई ‘तुमच्यावाल्या’ आहेत. आम्ही मूळचे साताऱ्याचे. तेव्हा पुण्यामुंबईकडून नोकरीनिमित्त येऊन इथेच राहिलेले एखादे कुटुंब असेल, असे मी गृहीत धरले. दार उघडले ते सत्तरीच्या एका बाईंनी. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, हातात कॉफीचा पितळी डबरा, म्हणजे पसरट वाटी, उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाचा ताजा कोलम. त्या हसून काही बोलल्या आणि मी क्षणभर गोंधळले, कारण शब्द जवळजवळ सगळे ओळखीचे होते, पण वाक्याची चाल माझी नव्हती. माझ्या कानाला जिथे वाक्य खाली उतरायला हवे होते, तिथे ते उंच उचलले जात होते. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडला त्याला साडेतीनशे वर्षे होत आली आहेत, हे मला चहाऐवजी आलेली फिल्टर कॉफी पिताना कळले.

मी मानसशास्त्र शिकवते. स्थलांतरित माणूस नव्या संस्कृतीत कसा मिसळतो, त्यात त्याच्या मनाचे काय होते, हा भाग मी वर्गात अनेकदा शिकवला आहे, आणि शिकवताना उदाहरणे नेहमी अमेरिकेतली किंवा युरोपातली दिली आहेत, कारण पुस्तकांत तीच असतात. तंजावरी मराठी माणसांचे उदाहरण मला घराच्या खालच्या मजल्यावर सापडले आणि त्यानंतर तो भाग मला पूर्वीसारखा शिकवता आलेला नाही.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावरची गादी घेतली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून सैनिक, कारकून, शास्त्री, कीर्तनकार, शिंपी अशी अनेक जातींची आणि व्यवसायांची मराठी माणसे कावेरीच्या खोऱ्यात गेली. हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या वर्षी दुसरे शिवाजी पुत्र नसताना वारले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. राजा गेला तरी माणसे तिथेच राहिली. तेव्हा फारसे कोणी परत महाराष्ट्रात आले नाही, कारण परत यायला महाराष्ट्रात त्यांचे काही उरलेच नव्हते. आजूबाजूचे तमिळ लोक त्यांच्यातल्या ब्राह्मणांना ‘रायर’ म्हणत, आणि आमच्या आळीत मालकीणबाईंना आजही ‘रायर मामी’ म्हणूनच ओळखतात. मी त्यांना आजी म्हणते. माझी मुलगी बोलू लागली तेव्हा शेजारच्या मुलांचे ऐकून त्यांना ‘पाटी’ म्हणू लागली, तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी, आणि माझ्या सासूबाईंना फोनवर बरेच दिवस असे वाटत होते की नात दगडी पाटीबद्दल बोलते आहे.

इंग्रजीत ज्याला असिमिलेशन म्हणतात, त्याला आपल्या परिभाषेत ‘सात्मीकरण’ असा शब्द आहे. तो ज्याने कोणी योजला त्याचे मला कौतुक वाटते, कारण तो ‘सात्म्य’ या आयुर्वेदातल्या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. जे शरीराला मानवते ते सात्म्य. त्यातही ‘ओकसात्म्य’ नावाचा एक प्रकार सांगितला आहे: जे मुळात मानवणारे नसते, पण सतत सेवन केल्यामुळे सवयीने अंगवळणी पडते, ते. स्थलांतरित माणसाच्या मनाचे याहून नेमके वर्णन मला पाश्चात्य पाठ्यपुस्तकांत सापडलेले नाही. फक्त या रूपकात एक अडचण आहे. अन्न आणि शरीर यांत कोण कोणाला पचवते हे ठरलेले असते. दोन समाजांत ते तसे ठरलेले नसते. १९३६ मध्ये रेडफील्ड, लिंटन आणि हर्स्कोव्हिट्स या तीन अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी संस्कृतिसंक्रमणाची जी व्याख्या केली, तिच्यात दोन समूह दीर्घकाळ प्रत्यक्ष संपर्कात आले की ‘एकाच्या किंवा दोन्हींच्या’ मूळ घडणीत बदल होतात, असे स्पष्ट म्हटले होते. पुढच्या अभ्यासांत त्यातला ‘दोन्हींच्या’ हा शब्द बहुधा विसरला गेला आणि येणाऱ्या माणसाकडेच सूक्ष्मदर्शक लावून बसण्याची पद्धत पडली.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची मांडणी आमच्या विषयात सर्वांत जास्त शिकवली जाते. ती दोन प्रश्नांवर उभी आहे. आपली मूळ ओळख आणि रीती टिकवाव्यात असे माणसाला वाटते का? आणि भोवतालच्या मोठ्या समाजाशी संबंध जोडावेत असे वाटते का? पहिल्याला नाही व दुसऱ्याला होय, तर सात्मीकरण. दोन्हींना होय, तर समन्वय. पहिल्याला होय व दुसऱ्याला नाही, तर अलगपणा. आणि दोन्हींना नाही, तर माणूस ना इकडचा ना तिकडचा, सीमेवर पडलेला. बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित कुमारवयीन मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात समन्वयाच्या वाटेने जाणारी मुले मनाने आणि समाजातही सर्वांत चांगली रुळलेली आढळली. निष्कर्ष आश्वासक आहे आणि मला तो ढोबळमानाने पटतो. पण ही चार घरांची चौकट घेऊन मी जेव्हा जेव्हा आजींकडे पाहिले, तेव्हा त्यांना कोणत्या घरात बसवावे हे मला समजले नाही.

कारण माणूस एका घरात बसत नाही. आजी भाजीवाल्याशी तमिळ बोलतात, आणि ते असे की भाजीवाल्याला त्या वेगळ्या कोणी आहेत याची गंधवार्ता नाही. दोन्ही मुलांशीही तमिळच बोलतात. बँकेत इंग्रजी. थोरल्या बहिणीशी फोनवर मराठी. देवापुढे मराठी आणि संस्कृत. मांजर दुधाजवळ आले की मराठी. पैसे मोजताना तमिळ, पण श्राद्धाची तिथी बोटांवर मोजताना मराठी. हे मी काही दिवस टिपून ठेवले होते, व्यवसायाची खोड म्हणून. त्यात मला असे दिसले की भाषा त्यांच्या मनात थोडी जास्त किंवा थोडी कमी अशी उरलेली नाही, तिला खोल्या नेमून दिलेल्या आहेत. काही खोल्या पूर्ण तमिळ झाल्या आहेत, इतक्या की तिथे मराठी कधी होती याची खूणही नाही, आणि काही खोल्यांच्या उंबऱ्यावरून तमिळ आत आलेलीच नाही. मग सात्मीकरण किती झाले, असा टक्केवारीचा प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे?

या खोल्यांमध्ये मन कसे ये-जा करते, यावर हाँगकाँगमध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. यिंग-यी हाँग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. चिनी आणि पाश्चात्य अशा दोन्ही संस्कृती अंगी मुरलेल्या विद्यार्थ्यांना आधी काही चित्रे दाखवली. काहींना चिनी प्रतीके, काहींना अमेरिकन. मग सगळ्यांना एकच चित्र दाखवले: माशांचा एक थवा आणि त्याच्या पुढे पोहणारा एकटा मासा. हा मासा पुढे का आहे? अमेरिकन प्रतीके पाहिलेल्यांचा कल त्या माशाच्या स्वतःच्या इच्छेकडे, म्हणजे तो नेतृत्व करतो आहे असे मानण्याकडे अधिक होता. चिनी प्रतीके पाहिलेल्यांचा कल थव्याच्या दबावाकडे, म्हणजे बाकीचे त्याला पुढे रेटत आहेत असे मानण्याकडे अधिक होता. म्हणजे एकाच डोक्यात अर्थ लावण्याच्या दोन रीती तयार असतात आणि समोर काय आले त्यावर कोणती पुढे येईल ते ठरते. आजींच्या बाबतीत ते ‘समोरचे चित्र’ बहुधा एखादी वस्तू असते: समई, मांजर, बँकेचे पासबुक.

मांजराचे मी उगाच सांगितले नाही. रागावणे मूळ भाषेत होते, हे निरीक्षण आपल्यापैकी सगळ्यांचेच असेल, पण त्याला आधार आहे. कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली. मन विचलित झाले की घाम किंचित वाढतो आणि ती बदलते. लहानपणी आई ज्या तऱ्हेने दटावते तशी वाक्ये तुर्कीत ऐकवली तेव्हा अंगाने जी प्रतिक्रिया दिली, ती त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यांना दिली नाही. अर्थ कळला होता, पण अंगाला लागला नव्हता. माझ्या मुलीच्या बाबतीत मी याचा उलट अनुभव घेते आहे. मी मराठीत कितीही आवाज चढवला तरी ती शांतपणे ऐकून घेते. शाळेतल्या बाईंनी तमिळमध्ये एक वाक्य सुनावले तर तिचा चेहरा दिवसभर उतरलेला असतो. हे लक्षात आले त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तिच्या कोणत्या खोल्या कोणत्या भाषेला दिल्या जात आहेत, हे माझ्या नकळत ठरत होते.

तंजावरच्या प्रकरणात एक गोष्ट अशी आहे, जी स्थलांतराच्या बहुतेक अभ्यासांत सापडत नाही. तिथे मिसळणारे लोक सत्ताधारी होते. सामान्यतः दुबळा येतो आणि सबळाच्या रीती उचलतो, कारण न उचलून त्याला पोट भरता येत नाही. इथे राजाच प्रजेच्या रीतीने लिहू लागला. व्यंकोजींचे पुत्र शहाजी, ज्यांची कारकीर्द १६८४ ते १७१२, यांनी तेलुगूत प्रबंध रचले, कारण आधीच्या नायक राजांपासून तंजावर दरबाराची साहित्यभाषा तेलुगू होती. मराठी नाटके लिहिली. आणि ‘पंचभाषाविलास’ नावाचे एक नाटक असे लिहिले की त्यात पाच भाषा एकत्र नांदतात. शंभर वर्षांनी दुसऱ्या सरफोजींनी जगाचा भूगोल सांगणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. भाषा मराठी, विषय युरोपीय ज्ञानाचा आणि साचा कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकाराचा. याला बेरींच्या चौकटीत समन्वय म्हणता येईल. पण तो बिनधास्त समन्वय आहे. त्याच्यामागे ‘माझे काही निसटते आहे’ ही धास्ती नाही. सत्ता असलेल्या माणसाला दुसऱ्याचे उचलताना आपले गमावण्याची भीती वाटत नाही, कारण त्याला ‘तू नक्की कोण’ असे कोणी विचारत नाही.

आणि त्याच काळात उलटा प्रवाहही चालू होता. मराठी कीर्तन तंजावरात गेले आणि तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते जाऊन बसली. तमिळ भागवतर आजही ती गातात. लावणी गेली आणि तमिळ गावांत कामदहनाच्या वेळी मन्मथ जळला की नाही जळला यावर दोन पक्षांनी गाण्यातून वाद घालण्याचा प्रकार झाली. आपल्या फडावरच्या माणसाला ती लावणी दाखवली तर सवाल-जबाबाची खूण पटेल, पण लावणी म्हणून तो तिला मान्यता देईल असे वाटत नाही. आमच्या पश्चिम मांबलममध्ये संध्याकाळी दुकानांपुढे ज्या ‘बोळी’साठी रांग लागते, ती म्हणजे आपली पुरणाची पोळी. रांगेतल्या कोणालाही ती मराठी आहे हे माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. कोणी कोणाला सात्म्य केले, हे मला विचारू नका. सांबार हे नाव संभाजी राजांवरून पडले, ही कथा मात्र आपल्याकडच्या पाहुण्यांना फार प्रिय असते आणि चेन्नईत उतरल्यापासून तासाभरात कोणी तरी ती मला सांगतेच. तिला समकालीन पुरावा नाही. तरी ती आपल्याला आवडते, कारण तिच्यात आपण देणारे असतो. तंजावरच्या मराठी घरांनी तमिळ शेजाऱ्यांकडून काय घेतले याची अशी एकही लाडकी कथा आपण रचलेली नाही.

१८५५ नंतर हा बिनधास्तपणा गेला. दरबार नाही, मोडीत कागद लिहिणारे दफ्तर नाही, आणि इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरणे हीच वाट उरली. त्या वाटेवर काही जण फार पुढे गेले. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. सामान्य माणसे मद्रासला आली, मुंबई-दिल्लीकडे पांगली. घराबाहेरच्या एकेक खोल्या तमिळला आणि इंग्रजीला गेल्या आणि मराठी आतल्या दोन-तीन खोल्यांत आली. तरीही आजींच्या बोलण्यात याची खंत मला कधी जाणवली नाही. त्यांच्या मुलांना मराठी कळते, बोलता येत नाही. नातवंडांना कळतही नाही. हे सांगताना त्यांचा स्वर पावसाबद्दल बोलावे तसा असतो. मी मात्र पाठ्यपुस्तकातून आलेली असल्यामुळे दुःख शोधत होते.

दुःख दिसले ते वेगळ्याच ठिकाणी. चार वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्याकडे नात्यातली काही मंडळी आली होती. मी हौसेने आजींना वर जेवायला बोलावले. आजी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या. इतकी मराठी माणसे एका खोलीत त्यांना फार दिवसांनी भेटली असावीत. दहा मिनिटांनी पाहुण्यांपैकी एक बाई, मनात काही वाईट न ठेवता, हसत म्हणाल्या, “अय्या, काय गोड बोलतात हो! पण तुमचं मराठी म्हणजे अगदी गंमतच आहे. खरं मराठी कधी शिकला नाहीत का?” आजीही हसल्या. आणि त्यानंतर रात्री दहापर्यंत त्या एक शब्दही मराठी बोलल्या नाहीत. अस्खलित, जुन्या वळणाच्या इंग्रजीत त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, स्वयंपाकाची स्तुती केली आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांसाठी डबा आला. त्यात पुरणपोळ्या होत्या, आणि त्या बोळीसारख्या नव्हत्या. वेलची-जायफळ घालून, पातळ लाटून, आपल्याकडच्या पद्धतीने केलेल्या होत्या. त्या घरात तशा पोळ्या केलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या, नंतरही पाहिल्या नाहीत.

हा डबा उघडल्यावर मला जे आठवले, ते सपना चेरियन आणि बेनोआ मोनँ यांचे काम. अमेरिकेत जन्मलेल्या-वाढलेल्या आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत येताच सहज विचारल्यासारखे विचारायचे, ‘तुला इंग्रजी येते का?’ आणि मग १९८० च्या दशकातल्या अमेरिकन दूरदर्शन मालिका आठवायला सांगायच्या. ज्यांना तो प्रश्न विचारला गेला होता, ते या यादीवर जास्त वेळ खर्च करत बसले. २००५ चा हा अभ्यास. पुढे २०११ मध्ये याच दिशेच्या आणखी एका अभ्यासात त्यांना आवडता पदार्थ विचारला, तर तो प्रश्न ऐकलेल्या विद्यार्थ्यांनी ठरीव अमेरिकन पदार्थाचे नाव सांगण्याचे प्रमाण इतरांच्या तिप्पट निघाले. ओळख नाकारली गेली की माणूस पुरावा द्यायला लागतो, आणि पुरावा बहुधा ताटातून देतो. संशोधकांनी हे यजमान समाजाबद्दल लिहिले होते: अमेरिकनांनी अमेरिकनाला परके ठरवण्याबद्दल. आजींच्या बाबतीत हा प्रश्न तमिळ माणसाने विचारला नव्हता. साडेतीनशे वर्षांत भाजीवाल्याने तो विचारलेला नाही. तो आम्ही विचारला.

माझे मत असे बनले आहे की मिसळण्याच्या प्रक्रियेत मनाला होणारी जखम बऱ्याचदा काही गमावल्याने होत नाही. गमावणे हळूहळू होते आणि हळू होणाऱ्या गोष्टी मन सोसते; ओकसात्म्य म्हणतात ते हेच. जखम होते ती दाराशी कोणी तरी उभे राहून दाखला मागू लागते तेव्हा, आणि दाखला मागणारा मूळ घरातला असेल तर ती खोल जाते, कारण त्या दाराशी माणूस सावध होऊन आलेला नसतो. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे. पण त्याच्या दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण सगळ्यांना माहीत असलेले आहे. रजनीकांत यांचा जन्म बेंगळुरूच्या मराठी घरातला, मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. राजकारणात येण्याची चर्चा रंगली तेव्हा ते तमिळ नाहीत हा मुद्दा तमिळनाडूत काढला गेला, आणि मे २०१७ मध्ये चाहत्यांसमोर त्यांनी कर्नाटकात काढलेली २३ वर्षे आणि तमिळनाडूत काढलेली ४४ वर्षे अशी बेरीज मांडून आपण अस्सल तमिळ असल्याचे सांगितले. ज्याच्या तसबिरीवर लोक दुधाचा अभिषेक करतात, त्यालाही वर्षे मोजून दाखवावी लागली. त्याच सुमारास आपल्याकडची माणसे ‘शेवटी तो आपलाच’ म्हणून खूश होत होती. दोन्हीकडचे लोक एकाच माणसाच्या दाखल्यावर शिक्के मारत होते.

माझ्या मुलीला गेल्या दिवाळीत साताऱ्यात तिच्या मावस भावंडांनी हसून घेतले. ती ‘होय की’ वगैरे सगळे बोलते, पण तिच्या वाक्यालाही आता आजींसारखी चाल आली आहे, शेवटी उचललेली. तिसऱ्या दिवसापासून ती भावंडांशी इंग्रजीत बोलू लागली. मी सवयीप्रमाणे तिला समजावायला गेले की ते थट्टा करतात, मनावर घेऊ नये. ती म्हणाली, “मी मनावर नाही घेतलं, मी फक्त भाषा बदलली.” अकरा वर्षांच्या मुलीकडून हे ऐकून मी गप्प बसले.

आजींकडे एक वही आहे. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेले पदार्थ त्यांनी लग्नानंतर तीत उतरवून घेतले होते. वहीची भाषा मराठी आहे आणि लिपी तमिळ, कारण आजींना देवनागरी वाचता येते, पण लिहिण्याचा सराव कधी झाला नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर असते. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. त्यामुळे ती वही लिपी येणाऱ्याला वाचता येतेच असे नाही. कोणता उच्चार कुठे करायचा हे कळायला भाषा आधी कानात असावी लागते. आजींच्या मुलांना अक्षरे कळतात, पण शब्द अडतात. मला शब्द कळतील, पण बारा वर्षांत मी तमिळ अक्षरे दुकानांच्या पाट्यांपुरतीच शिकले आहे. आजींचे डोळे आता अधू झाले आहेत. दिवाळीनंतर आम्ही परत आलो, त्या आठवड्यात आजींनी कशासाठी तरी ती वही काढली आणि त्यांच्या लक्षात आले की या इमारतीत ती घडाघडा वाचू शकेल अशी एकच व्यक्ती आहे.

तेव्हापासून शनिवारी दुपारी मुलगी खाली जाऊन वही वाचते आणि आजी दुरुस्त करतात. कुठे अडले तर ती विचारते, “पाटी, हे ट का ठ?” आणि आजी तो शब्द एकदा मोठ्याने म्हणून दाखवतात. मागच्या शनिवारी मीही जाऊन बसले होते. एका पानावर ती थांबली आणि वाचले, “पिटलै.” मी लगेच म्हणाले, “पिठलं.” दोघींनी माझ्याकडे पाहिले. आजी म्हणाल्या की यात बेसन नसते. तुरीची डाळ असते, कारले असते, भाजून वाटलेले खोबरे असते. मुलीने मान डोलावली, बोट पुढच्या ओळीवर नेले आणि वाचू लागली, “चिंच, लिंबाएवढी.”